ताईचा लॅपटॉप : दुरुस्तीच्या नोंदी, एप्रिल २०२५

६ एप्रिल, रविवार. अकोला

रामनवमीला ताई आली, येताना लॅपटॉप घेऊन. ती मूर्तिजापूरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मशीन २०१८ साली घेतलेलं. आठव्या पिढीचा आय-५ ८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम. गेल्या दिवाळीत दुकानातून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली होती. महिनाभर छान चाललं, मग पुन्हा तेच रडगाणं. म्हणजे ‘एसएसडी टाक, पळायला लागेल’ हा सगळे देतात तो सल्ला इथे वापरून झालेला आहे.

मुदत कडक आहे. यंदा परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत, निकाल १ मेला. चौतीस मुलांची निकालपत्रकं याच मशीनवर व्हायची आहेत.

तक्रारी तिच्याच शब्दांत लिहून घेतल्या. “हाताखाली तव्यासारखा तापते.” “पंखा गिरणीसारखा वाजते.” “अक्षर टाइप केलं का दोन सेकंदांनी दिसते.” “कधी कधी आपल्या आपण बंद पडते.” आणि शेवटची, जाता जाता सांगितलेली : “लाईन गेली का बरा चालते, लाईन आली का पुन्हा बसते.”

या शेवटच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे. लाईन गेली म्हणजे कूलर बंद, खोली आणखी तापणार. मग लॅपटॉप उलट जास्त बसायला हवा. भास असेल.

अडॅप्टर तिच्या घरी बोर्डालाच राहिला. माझ्याकडे त्याच कंपनीचा ६५ वॅटचा आहे, तोच लावला.

७ एप्रिल, सोमवार

मोजमाप हातात येईपर्यंत स्क्रू ड्रायव्हर काढायचा नाही, हे ठरवलं होतं. आधी खोलून साफ केलं आणि फरक पडला, तर तो किती पडला आणि कशाने पडला हे कधीच कळत नाही.

संध्याकाळी खोलीत ३५ अंश. नुसता सुरू ठेवून पंधरा मिनिटांनी प्रोसेसर ६१ अंशांवर. तापमान-वेग नोंदवणारा एचडब्ल्यूइन्फो प्रोग्रॅम लावून ठेवला आणि प्रोसेसरला पूर्ण भार देऊन गुण देणारी सिनेबेंच आर२३ची दहा मिनिटांची चाचणी चालवली. पहिल्या वीस सेकंदांत ९९ अंश. या चिपची कमाल मर्यादा १०० अंश आहे; तिथे पोचली की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. झालंही तसंच. २.९ गिगाहर्ट्झवरून घसरत १.३ वर आली आणि तिथेच रेंगाळली. वीज खात होती जेमतेम ८ वॅट. ही चिप १५ वॅटसाठी बनवलेली आहे, म्हणजे तिला निम्म्या पोटी ठेवलं होतं. गुण १,७४०.

माझ्यासाठी खरा आकडा मात्र वेगळा : ताईची निकालाची एक्सेल फाईल उघडायला ३८ सेकंद. गुणांची तुलना ज्याला करायची त्याने करावी. तिला ही फाईल उघडायची आहे.

मग उदबत्ती लावली. देवापुढे नव्हे, लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीपाशी. पंखा पूर्ण जोरात ओरडत होता आणि धूर मात्र सरळ वर चालला होता, थोडासा कलत. पंखा फिरतो आहे, हवा बाहेर पडत नाही. वाट अडलेली आहे, एवढं खोलण्याआधीच कळलं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ क्रमांकाच्या बऱ्याच नोंदी सापडल्या, म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं. ३७ क्रमांकाच्याही भरपूर : प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने (मशीनमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रॅमने) रोखून धरला आहे, अशा अर्थाच्या. तापण्याशी जुळतं आहे. सगळी नोंदवही फाईल करून माझ्याकडे उतरवून ठेवली.

एक हिशेब मांडून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. खोली ३५, चिप ९९. फरक ६४ अंशांचा, तोही ८ वॅटवर. दर वॅटमागे ८ अंश. नुसतं ‘किती तापला’ असं पाहणं आपल्याकडे फसवं आहे. यूट्यूबवर कुणी सत्तर अंश दाखवतो तो २२ अंशांच्या एसी खोलीत बसलेला असतो. अकोल्यात एप्रिलमध्ये घरातच ३५-३८ असतं, आणि खोली जेवढी वर तेवढीच चिपही वर. खोली वजा करून, वॅटने भागून जो आकडा येतो तो मशीनचा स्वतःचा. तो नागपूरला मोजा की महाबळेश्वरला, फारसा हलणार नाही.

९ एप्रिल, बुधवार

ऑफिसातून आल्यावर सॉफ्टवेअरची बाजू पाहिली. फार वेळ घालवला नाही.

काहीही उघडलेलं नसताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १३ टक्क्यांवर अडकलेला दिसत होता. या चिपमध्ये चार कोर, आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं. शंभराला आठाने भागा : १२.५. कुठलातरी एक थ्रेड पूर्ण वेळ गरगर फिरतो आहे याची ही खूण. शोधलं तर शाळेतल्या एका जुन्या प्रिंटरचा शाई दाखवणारा प्रोग्रॅम निघाला. प्रिंटर भंगारात गेला, प्रोग्रॅम त्याला अजून हाका मारतो आहे. काढून टाकला. अँटिव्हायरस दोन होते, एक मुदत संपलेला. तो काढला, विंडोजचा स्वतःचा ठेवला.

नुसत्या सुरू स्थितीतलं तापमान ६१ वरून ५६ वर आलं. भाराखाली काहीच फरक नाही, तिथे अपेक्षाही नव्हती.

व्होल्टेज थोडं कमी देऊन उष्णता उतरवता येते का तेही पाहिलं. पूर्वी या पिढीच्या चिपवर तो चांगला उपाय होता. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा सुरक्षेचा दोष उघड झाला, व्होल्टेज खेळवून चिपच्या सुरक्षित कप्प्यात शिरता येण्याचा. त्यानंतरच्या फर्मवेअर अपडेटांनी बऱ्याच लॅपटॉपवर ती सोयच बंद केली. याच्यावरही बंद आहे. कुलूप तोडण्याच्या युक्त्या आहेत, पण शाळेच्या कामाच्या मशीनवर ते करणार नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज खोलला.

आधी बंद करून अडॅप्टर काढला, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं. कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि प्रत्येक स्क्रू निघाला त्याच जागी कागदावर टेपने चिकटवला. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर वरच्या बाजूला फोड येतो किंवा बोर्डाला भोक पडतं, म्हणून ही काळजी. पाठीचं झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने उकललं. बिजागरीकडची बाजू घट्ट असते, तिथे जोर लावायचा नाही, जरा पुढून यायचं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. बॅटरीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिली. सपाट आहे, फुगलेली नाही. फुगलेली असती तर काम तिथेच थांबवलं असतं.

वरवर पाहता आत फारशी धूळ नव्हती. पंख्याच्या पात्यांवर राखाडी साय, बस. इथेच लोक फसतात. बाहेरच्या जाळीतून टॉर्च मारला तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या बारीक पाकळ्या स्वच्छ चमकत होत्या. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा खरा प्रकार दिसला. पंखा आणि पाकळ्या यांच्या मधल्या फटीत, कुठूनही न दिसणाऱ्या जागी, पाकळ्यांच्या पूर्ण रुंदीवर एक पट्टी बसलेली होती. गादीतल्या दबलेल्या कापसासारखी. चिमट्याने एक कोपरा धरून ओढली तर अख्खी, एकसंध निघून आली. पाच सेंटिमीटर लांब, तीन मिलिमीटर जाड, एका बाजूला पाकळ्यांचे ठसे उमटलेले.

रंग नेहमीच्या धुळीसारखा काळपट नव्हता, पांढरट होता. फोटो ताईला पाठवला. तिचा लगेच फोन : “अरे, ही तर समोरच्या जिनिंगची रुई हाय!” जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना; तिच्या घरापुढून कापसाच्या गाड्या जातात. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे हवेत तंतू तरंगत असतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, कूलरच्या जाळीत अडकतात. धूळ पाकळ्यांमधून निसटून तरी जाते. रुईचा तंतू लांब. तो आडवा अडकतो, मग त्याच्यावर धूळ, धुळीवर पुन्हा तंतू. खेड्यापाड्यातल्या, जिनिंगजवळच्या, पिंजाऱ्याच्या दुकानाशेजारच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये असाच थर धरत असणार, आणि ‘जुना झाला’ म्हणून तो टाकून दिला जात असणार. याची फार हळहळ वाटली. दीड-दोन तासांचं काम आहे हे.

बाहेरून ब्लोअर मारून हे का निघत नाही, तेही कळलं. बाहेरून मारलेली हवा पट्टीला पंख्याकडे ढकलते. ती जागची थोडी हलते, चार दिवस हवा वाहते, आणि पंखा तिला परत ओढून पाकळ्यांवर बसवतो. शिवाय ब्लोअरने पंखा भलत्या वेगाने फिरतो, त्याच्या बेअरिंगचं आयुष्य जातं. मी पात्यांमध्ये आइस्क्रीमची काडी अडकवून, मऊ ब्रशने पंखा साफ केला.

रात्र झाली. चिप आणि तांबं यांच्या मधल्या, उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टचं काम उद्या.

१३ एप्रिल, रविवार

उष्णता पाकळ्यांपर्यंत नेणारी तांब्याची नळी आणि तिची पट्टी प्रोसेसरवरून काढायची. चार स्क्रू, त्यांच्याशेजारी धातूवरच १ ते ४ आकडे कोरलेले. सोडवताना उलट क्रमाने, थोडा थोडा प्रत्येक. एकदम एक पूर्ण सोडला तर पट्टी तिरकी होऊन चिपच्या काचेसारख्या कडेवर भार येतो. या चिपला वर धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडंच असतं; टवका उडाला तर मशीन संपलं.

जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. मधोमध जवळजवळ नाहीच, सगळी कडेला सरकलेली. सात वर्षं तापणं-निवणं सोसल्यावर असंच होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याच्या फडक्याने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे केले. एकाच पट्टीखाली दोन तुकडे आहेत, मोठा प्रोसेसरचा आणि शेजारी छोटा चिपसेटचा. दोन्हीवर पेस्ट हवी. मोठ्यावर तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, छोट्यावर अर्ध्या दाण्याएवढी. वीज न वाहणारी साधी पेस्ट घेतली. एका मित्राने लिक्विड मेटल सुचवलं होतं. ते वीज वाहतं, त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि हे मशीन दप्तरासारखं हिंडणारं आहे. नको.

पट्टी हातात होतीच, म्हणून नळीचीही परीक्षा घेतली. ही नळी भरीव तांब्याची नसते. आत पोकळी, पोकळीत थेंबभर द्रव. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते आणि आतल्या जाळीतून द्रव परत येतो. फुटली असेल तर बाहेरून पत्ताही लागत नाही. पट्टीचं टोक वाटीभर गरम पाण्यात धरलं, पाकळ्यांवर बोट ठेवलं. दोन-तीन सेकंदांत चटका. नळी जिवंत आहे. पुसून, उन्हात पूर्ण वाळवून मग बसवली.

दुपारची मापं. खोली ३६. नुसता सुरू : ४७. भाराखाली दहा मिनिटं : ८४ वर स्थिर, १५ वॅट पूर्ण, वेग २.४ गिगाहर्ट्झ, गुण ३,०६०. ८४ वजा ३६, म्हणजे ४८, भागिले १५. दर वॅटमागे ३.२ अंश. परवा ८ होते.

ताईची फाईल : १२ सेकंद.

उदबत्तीचा धूर आता आडवा उडतो.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. लॅपटॉप घेऊन मूर्तिजापूरला गेलो. ताईला बजावलं की गादीवर, गोधडीवर ठेवून काम करायचं नाही, हवा खालून आत जाते. तिने देवघरातला जुना पाट काढून दिला, त्याच्यावर ठेवला. भाऊजींनी जेवायला थांबवलं, परतीच्या गाडीची घाई झाली. तिच्याकडे मशीन सुरू करून पाहायचं राहून गेलं.

१७ एप्रिल, गुरुवार

रात्री ताईचा फोन. आवाज पडलेला. “तापत नाही आता, पंखाबी शांत हाय. पण हळूच चालते रे. पहिल्यापेक्षाबी हळू.”

माझा विश्वास बसेना. माझ्या टेबलावर ते मशीन नव्यासारखं चाललं होतं. फोनवरच तिला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायला लावलं, परफॉर्मन्समध्ये जाऊन ‘स्पीड’ लिहिलंय तिथला आकडा वाच म्हटलं.

“शून्य पॉइंट एकोणचाळीस.”

पुन्हा वाचायला लावला. ०.३९ गिगाहर्ट्झ. हा या चिपचा अगदी तळ आहे. काम समोर असताना तिने तिथे थांबण्याचं काही कारण नाही. तापलेलं तर नाहीच. म्हणजे चिपला बाहेरून कुणीतरी धरून ठेवलं आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे, घरीच. ६ तारखेच्या पानावरचं प्रश्नचिन्ह उघडून बसलो. “लाईन गेली का बरा चालते.”

माझ्या घरी बरा चालतो, तिच्या घरी नाही. तिच्या घरी लाईन नसताना बरा चालतो, असताना नाही. माझ्या घरी नसलेली आणि तिच्या घरी लाईन गेल्यावर नाहीशी होणारी वस्तू एकच : तिचा अडॅप्टर.

उतरवून ठेवलेली नोंदवही पुन्हा चाळली. ३७ क्रमांकाच्या नोंदी मी सरसकट उष्णतेच्या खात्यात टाकल्या होत्या. वेळा पाहिल्याच नव्हत्या. पहिली नोंद डिसेंबरातली. जानेवारीत कितीतरी, सकाळी पावणेसात, सात वाजता, मशीन सुरू केल्याबरोबर. वऱ्हाडात जानेवारीच्या पहाटे कुठला लॅपटॉप तापतो? दिवाळीत एसएसडी टाकली, महिनाभर बरं चाललं, डिसेंबरात पुन्हा बसलं, हे ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेही जुळलं.

दोन दुखणी आहेत, एकमेकांवर चढलेली. तापणं खरं होतं, तपासाच्या वेळी तेवढंच समोर आलं, कारण दुसरं दुखणं मूर्तिजापूरला बोर्डाला लटकत राहिलं होतं. ताईने ते सांगितलं होतं आणि मी भास म्हणून सोडून दिलं.

२० एप्रिल, रविवार. मूर्तिजापूर

माझा अडॅप्टर आणि मल्टिमीटर घेऊन सकाळच्या गाडीने आलो. काहीही न करता ताईला म्हटलं, रोज करतेस तसं सुरू कर. शेजारी बसून पाहत राहिलो.

तिने अडॅप्टर खोचला, पिन जरा फिरवली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. तिने वाचायच्या आत एंटर मारला.

“हे काय होतं?”

“ते रोजच येते. एंटर मारला का जाते.”

बंद करून पुन्हा सुरू केलं आणि ओळी वाचल्या. अडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही, मशीन हळू चालेल, बॅटरी चार्ज होणार नाही, असा सरळ अर्थ. चार महिने मशीन स्वतः रोज सकाळी हे सांगत होतं. माझ्या टेबलावर ते सांगायची वेळ आली नाही, कारण माझा अडॅप्टर त्याला ओळखीचा होता.

आता रीतसर चाचणी. खोली ३८, वेगवेगळी वीज, तीच एक्सेल फाईल. ताईच्या अडॅप्टरवर ०.३९ गिगाहर्ट्झ, फाईल उघडायला १ मिनिट ५० सेकंद. अडॅप्टर काढून नुसत्या बॅटरीवर १३ सेकंद. माझ्या अडॅप्टरवर १२. पुन्हा तिचा लावला, पिनजवळची वायर बोटाने एका बाजूला वाकवून धरली : वेग झटक्यात वर, बॅटरीही चार्ज होऊ लागली. बोट सोडलं, दहा सेकंदांत पुन्हा तळाला. रात्री कधी चार्ज होतो, कधी होत नाही, हे तिने आत्ता सांगितलं. बॅटरी मेली असं ती समजून चालली होती.

मल्टिमीटरवर अडॅप्टर ठणठणीत : १९.५ व्होल्ट. कुठल्याही दुकानात तो ‘चांगला’ ठरला असता. गोम अशी की या पिनमध्ये दोन नव्हे, तीन जोड असतात. बाहेरचा धातू ऋण, आतली नळी धन, आणि मधोमध सुईसारखा काटा. त्या काट्यावरून वीज येत नाही, माहिती येते. अडॅप्टरच्या डबीत एक छोटी चिप असते, ती ‘मी ६५ वॅटचा’ एवढं लॅपटॉपला कळवते. काट्याची तार तुटली की वीज पूर्ण मिळते पण ओळख मिळत नाही. मग फर्मवेअर घाबरून वागतं. हा अडॅप्टर किती ताण झेलेल याचा भरवसा नाही, म्हणून ते प्रोसेसरकडे जाणारी ‘प्रॉकहॉट’ नावाची तार ओढून धरतं. ही तार मुळात चिप फार तापल्याची खूण देणारी. ती दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून बाहेरचा भागही ती ओढू शकतो, आणि चिप थंडगार असली तरी तळाला जाऊन बसते.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरून येणारा हा इशारा मानायचा की नाही, हे ठरवणारी एक टिकेची खूण असते. निदान पक्कं करायला ती काढून पाहिली : तिच्याच अडॅप्टरवर वेग लगेच वर. मग परत होती तशी ठेवली. पुष्कळ जण तेवढंच करून मोकळे होतात. माझ्या मते ते चूक आहे. तो इशारा कधीतरी खरोखर कमी ताकदीचा अडॅप्टर लावल्यावर किंवा बोर्डावरचा दुसरा भाग तापल्यावरही येईल, आणि तेव्हा तो ऐकायला कुणी नसेल. वायर दुरुस्त करायची.

माझा अडॅप्टर ताईकडे ठेवला, तिचा पिशवीत घातला. निघताना ती निकालाची फाईल उघडून बसली होती, बाजूला भाची गुण वाचून दाखवत होती.

२२ एप्रिल, मंगळवार. अकोला

बाजारातून तीन तारांची, पिन बसवलेली नवी वायर आणली. दीडशे रुपये. दुकानदार आधी दोन तारांची देत होता, “व्होल्टेज तेच आहे, चालून जाईल.” वीज आली असती, आजार तसाच राहिला असता.

जुनी वायर पिनपासून चार बोटांवर कापून उभी चिरली. बाहेरची जाळी शाबूत, आतली जाळी शाबूत, मधली केसासारखी तार रबरी मानेच्या अगदी तोंडाशी तुटलेली. वरचं आवरण अखंड, म्हणून तुटलेली टोकं वायर वाकवली की टेकत होती, सोडली की सुटत होती. ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते, पिन गुडघ्याला टेकून कायम वाकलेली. कारण तेच असावं.

जोड देताना तिन्ही तारा एकाच ठिकाणी जोडल्या नाहीत, एकेक बोट पुढे-मागे ठेवल्या, म्हणजे डाग सुटला तरी एकमेकींना भिडणार नाहीत. प्रत्येकीवर स्वतंत्र श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), सगळ्यावर मिळून एक मोठी. हे हौसेने केलेलं नाही. १९.५ व्होल्ट चुकून मधल्या तारेला लागले तर लॅपटॉपमधला ओळख वाचणारा भाग जळतो, आणि मग जगातला कुठलाही अडॅप्टर त्याला अनोळखीच. लावण्याआधी मीटरने तीनदा तपासलं : धन-ऋण १९.५, काटा आणि धन यांच्यात जोड नाही.

२७ एप्रिल, रविवार. मूर्तिजापूर

चाचणी सुरू करण्याआधीच कागदावर आकडा लिहिला. खोली ३८, १५ वॅट गुणिले ३.२ म्हणजे ४८. भाराखाली चिप ८६ वर थांबायला हवी.

दुरुस्त अडॅप्टर लावला. सुरू होताना काळ्या पडद्यावर काही आलं नाही. ताईचा हात सवयीने एंटरकडे गेला आणि थांबला. फर्मवेअरच्या पानावर अडॅप्टरपुढे ६५ वॅट. दहा मिनिटं भार दिला : ८६ अंश, २.३ गिगाहर्ट्झ. वायर वाकवून, फिरवून, ओढून पाहिली. वेग जागचा हलला नाही. फाईल १२ सेकंद.

मग कूलरची हवा टेबलावर येईल असा तो फिरवला. खोलीतला पारा ३३ वर, चिप ८१. पाण्याचे तुषार येणार नाहीत एवढं अंतर ठेवून कूलरसमोर बसायला हरकत नाही, असं ताईला सांगितलं.

विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता ४२ वॅट-तास, आज २७. म्हणजे ६४ टक्के. भारनियमनात तासभर तग धरते, तेवढ्यात तिचं भागतं. बॅटरी यंदा बदलायची नाही.

पिनजवळच्या वायरीला जुन्या बॉलपेनची स्प्रिंग गुंडाळली, एका जागी मोडू नये म्हणून.

१ मे, गुरुवार

सकाळी साडेदहाला ताईचा फोटो आला. टेबलावर चौतीस निकालपत्रकांचा गठ्ठा, शेजारी पाटावर लॅपटॉप. रात्री एक वाजेपर्यंत छपाई चालली म्हणाली, एकदाही अडकला नाही.

पुढची कामं, विसरू नये म्हणून : विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपतो, हा प्रोसेसर ११च्या यादीत बसतो, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईच्या फाईलींची प्रत काढून ११ टाकायचं. पंखा आणि पाकळ्यांमधली फट पुढच्या मार्चमध्ये उघडून पाहायची, जिनिंग थंडावल्यावर आणि ऊन चढायच्या आधी. समोरच्या शाळेतल्या गुरुजींचा लॅपटॉपही ‘तव्यासारखा तापते’ म्हणे. ताईला सांगितलं आहे, येताना अडॅप्टरसकट आणायला सांग.